आधी सुई, मग पान

"साहेब प्यायल्यासारखा चालून राहिला," असं आई फोनवर म्हणाली तेव्हा बस चाकूर सोडून अहमदपूरच्या दिशेला लागली होती, आणि माझ्या शेजारच्या म्हातारीनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. माझ्या फोनचा आवाज कमी होत नाही. पलीकडचा माणूस काय बोलतो ते मला आणि पुढच्या-मागच्या दोन बाकांना सारखंच ऐकू येतं, त्यामुळं माझ्या आयुष्यात गुपित असं फारसं उरलेलं नाही. साहेब म्हणजे आमच्या नांदेडच्या गल्लीतला बोका. पिवळा, रुंद तोंडाचा, एका कानाला चीर गेलेला. तो कोणाचाच नव्हता. तो आमच्याशिवाय सात घरी जेवायचा आणि कोणाच्याही गच्चीवर झोपायचा. नाव बाबांनी ठेवलं. बाबा, म्हणजे शेषेराव, जिल्हा परिषदेत कारकून होते. सगळी नोकरी साहेबानं हाक मारली की उठण्यात गेली, आता एक तरी साहेब माझ्या हाकेला उठावा, असं म्हणून त्यांनी रिटायर झाल्यावर बोक्याला हे नाव दिलं. बोका त्यांच्या हाकेला कधीच उठला नाही. बाबाच उठून त्याच्याकडं जायचे. त्यामुळं नाव अगदी चपखल बसलं.

मी लातूरहून परत येत होतो. लातूरला मला बोलावलं होतं, कारण माझा एक चुकीचा पर्याय बरोबर निघाला होता. मी तिथल्या एका क्लाससाठी घरी बसून चाचण्या तयार करतो. प्रश्न दुसरेच काढतात, बरोबर उत्तर पुस्तकात आयतं असतं, माझ्याकडं असतात उरलेली तीन चुकीची उत्तरं. दिसायला बरोबर, आतून चूक, अशी तीन माणसं एका रांगेत उभी करायची आणि पोरांना म्हणायचं, ओळखा यातला खरा कोण. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं माझ्या 'क'वर घसरून पडतात, त्यांचे आईबाप क्लासच्या दारात येऊन बसतात, असं माझ्या कामाचं स्वरूप. मागच्या चाचणीत माझा एक 'क' बरोबर निघाला. एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं झाली. पोरांनी गोंधळ घातला. सकाळच्या पहिल्या बसनं जाऊन मला एका गार खोलीत समजावून सांगावं लागलं, की मी प्रामाणिकपणे चूकच करायला गेलो होतो. समोरच्या सरांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि चहा मागवला. चहा गोड होता. आमच्या घरात इतक्या वर्षांत साखरेचा चहा झालेला नाही, म्हणून तो मला औषधासारखा लागला.

प्यायल्यासारखा. हा शब्द आमच्या घरात एकदाच वापरला गेला आहे. बाबा भाजीबाजारात गेले होते आणि मेथीच्या जुड्यांवर कलंडले. पाय लटपटलेले, जीभ जड, अंग घामानं भिजलेलं. आयुष्यात सुपारी न खाल्लेला माणूस, पण लोक म्हणाले, भरदिवसा ढोसून आलाय. कोणीतरी हसलं. एकानं पिशवीतली वांगी गोळा करून दिली, तेवढी माणुसकी. मग कोणीतरी गर्दीतून हात घातला आणि त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. तो कोण होता, आम्हाला अजून माहीत नाही. बाबा नंतर सांगायचे, पेढा भारी होता. शुगर इतकी खाली गेली होती की जीव जायचा, पण त्यांना आठवायचा तो पेढा. आणि आई दर वेळी तव्याकडं बघत म्हणायची, तुमचं ध्यान त्याच्यातच.

"आई," मी म्हणालो, "सुई दिली का त्याला?"

"दिली की सकाळीच. तू गेल्या-गेल्या."

"खाल्लं होतं का त्यानं?"

फोनमधून आमच्या गच्चीवरचा वारा ऐकू आला. खिडकीच्या गजांवरून ऊन आत येत होतं आणि बाहेर सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, मैलोन्‌मैल, जणू कोणी शेतांनाच कावीळ झाली असं ठरवून टाकलं होतं.

"आज पित्रं हायेत ना, आलोक," आई म्हणाली.

साहेबाला शुगर आहे हे जनावरांच्या दवाखान्यातल्या देविका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं. मला वाटलं, त्या माझ्या मागच्या खुर्चीत बसलेल्या बाबांशी बोलतायत. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि खुर्चीत उमरीचे एक गृहस्थ शेळी धरून बसले होते. साहेब पाणी फार प्यायला लागला होता. बादल्यांतलं, कुंड्यांतलं, समोरच्या रत्नम्माबाईंच्या तुळशीतलं. पाठीची हाडं वर आली होती, मागचे पाय टाचांवर टेकवून चालायचा. मी लक्षणं ओळखायला हवी होती, लहानपणापासून पाठ आहेत. देविका डॉक्टरांनी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनची सुई कशी टोचायची ते दाखवलं आणि एकच गोष्ट तीनदा सांगितली. आधी खाऊ दे. पोटात गेलेलं डोळ्यांनी बघ. मग सुई. खाल्लं नसेल तर सुई द्यायची नाही, एक वेळ चुकली तरी चालेल, पण उपाशीपोटी दिलीस तर मांजर हातातून जाईल. मी मान हलवत होतो. औषध माणसांच्याच दुकानात मिळणार होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं संगणकात बघितलं आणि मला काहीही न विचारता बिल शेषेरावांच्या नावानं काढलं. मी तसंच घेतलं. तेव्हापासून सरकारदरबारी बाबा गेलेले आहेत आणि मेडिकलच्या दप्तरी त्यांची तब्येत सुधारतेय.

अडचण सात घरांची होती. ज्या मांजराचं पोट गल्लीभर वाटलेलं आहे त्यानं काय खाल्लं, कधी खाल्लं, हे कोणाला कळणार? म्हणून मी दारोदार फिरलो. साहेबाला शुगर आहे, त्याला काही देऊ नका, तो आता फक्त आमच्याकडं खाईल. लोकांनी आधी मला आत बोलावून बसवलं, कारण त्यांना वाटलं मी लग्नाची पत्रिका घेऊन आलोय. नंतर प्रत्येक घरानं आपापल्या शुगरचा आकडा सांगितला. रत्नम्माबाई देगलूरकडच्या. त्या साहेबाला तेलुगूत पिल्ली म्हणतात आणि रोज दूधभात घालायच्या. त्यांना फार लागलं. "आमच्यात दारात आलेल्याला उपाशी लावत नसतात रे," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, उपाशी नाही, आमच्याकडं आहे ना त्याचं. त्यांनी त्याची पितळेची वाटी घासून फळीवर पालथी ठेवली. हळूहळू सातही दारं बंद झाली. साहेब प्रत्येक दारात जाऊन ओरडायचा आणि दार उघडायचं नाही. मला अभिमान वाटायचा. क्लासमध्ये कधी न लागलेला शंभर टक्के निकाल मी गल्लीत लावला होता.

आणि घरात काहीतरी सुरू झालं होतं. बाबा गेल्यावर आईनं स्वयंपाक असा बंदच केला होता. माझ्यापुरतं टाकायची आणि स्वतः ओट्यापाशी उभ्यानं काहीतरी तोंडात घालायची. घड्याळाकडं बघायचं कारण तिला उरलं नव्हतं. बाबांची सुई हेच तिचं घड्याळ होतं. सुई देताना ती तवा ठेवायची. सुईचं टोपण बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची, आधी सुई, मग पान, एवढ्याच तालावर तिचा संसार चालला. मग साहेबाची सुई आली. दोन्ही वेळेला डब्यातून उकडलेलं अंडं, कोंबडीचा तुकडा काढताना ती स्वतःसाठीही ताट करायला लागली. खाली बसून जेवायला लागली. एकदा तर लोणचं मागितलं. मी बरणी पुढं सरकवली. आमच्या घराचं सगळं यंत्र त्या बोक्याच्या मानगुटीच्या चिमटीभर कातडीवर चालू होतं, आणि ते मला कोणाला सांगता येत नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यावरही लोकांनी आपापला आकडा सांगितला असता. रोज सकाळी मी आधी गच्चीवर जाऊन तो श्वास घेतोय का बघायचो आणि मग आईचं दार वाजवायचो.

आज बाबांची पहिली पित्रं. घरात अंडं नाही, कोंबडी नाही. आई म्हणाली होती, तू जा लातूरला, तुझे बाबा काय कुठं पळून चाललेत. सुई मी देते, मला शिकवू नको. ते खरंच होतं. तिनं जितक्या सुया दिल्यात तितके मी पर्याय काढलेले नाहीत. सकाळी साहेब आला, तिनं सुई भरली, टोचली, आणि हात आपोआप तव्याकडं गेला. आधी सुई, मग पान. पण पान आज साहेबाचं नव्हतं. स्वयंपाक झाला. तांदळाची खीर, कढी, वडे, भोपळ्याची भाजी. पान गच्चीवर नेऊन ठेवलं. आता कावळा शिवेपर्यंत घरात कोणी घास घ्यायचा नाही, ना माणसानं, ना जनावरानं.

आणि कावळा येत नव्हता. आई सांगत होती आणि अख्खी बस ऐकत होती. कावळा समोरच्या विजेच्या खांबावर बसला होता, सकाळपासून. तो खाली उतरायचा, पण पानाशेजारी साहेब बसलेला. साहेबाला भूक लागली होती. आई हातात काठी घेऊन त्याला पानापासून हाकत होती, तो हटायचा, पुन्हा येऊन बसायचा. कावळा बोक्याला भिऊन पानाला शिवत नव्हता आणि कावळा शिवत नव्हता म्हणून बोक्याला खायला मिळत नव्हतं. मधल्या वेळात साहेब रत्नम्माबाईंच्या दारात जाऊन ओरडून आला. आईनं गच्चीवरून बघितलं. दार किलकिलं झालं, रत्नम्माबाई खाली बसल्या, त्याच्याशी काहीतरी बोलल्या, आणि त्यांनी दार लावून घेतलं. माझं ऐकलं त्यांनी. आई बिचारी कावळ्याला वचनं देत बसली होती. आलोकचं लग्न लावते. मुखेडची जमीन विकत नाही. आलोक ही नोकरी सोडंल. हे शेवटचं मला नवीन होतं. कावळ्यानं कशालाच दाद दिली नाही.

"त्यांचा कशात तरी जीव अडकलाय, आलोक," ती म्हणाली. "लई वेळ झाला. आन आता हा साहेब असा करून राहिला. मान लटलट हलवतोय. डोळे कुठंतरीच."

मी फोन ठेवला आणि देविका डॉक्टरांना लावला. त्या भोकरकडं कुठल्यातरी गोठ्यात होत्या, त्यांचा हात गाईत होता, फोन दुसऱ्या कोणीतरी कानाला धरला होता. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, पण तिच्यापुरती जागा सोडली. साखरेचं पाणी, मध, जे गोड असेल ते, बोटानं हिरड्यांना चोळा, आत्ता, या मिनिटाला, गिळत असेल तर पोटात जाऊ द्या, शुद्धीवर आला की दवाखान्यात आणा, माझा माणूस तिथं आहे. आणि आज पुन्हा सुई नाही. घरात गोड काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्या घरात साखर नसते. मग आठवलं. आज आहे.

शेजारची म्हातारी आता पूर्ण माझ्याकडं वळून बसली होती. तिनं मघाच मला सांगितलं होतं की ती केवळाबाई, लोह्याला लेकीकडं चालली आहे. "कोन साहेब म्हनायचे?" तिनं विचारलं. "बीडीओ?" मी म्हणालो, नाही. "मंग साहेबाला आरंतुरं कशापायी?" कंडक्टर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ॲम्ब्युलन्स बोलवा की, नंबर मी लावतो. मागून कोणीतरी म्हणालं, रिक्षात घालून न्या, ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका. मला पहिल्यांदाच जाणवलं, माणसं किती चांगली असतात, आणि त्याच्या पुढच्या क्षणाला मी म्हणालो, बोका आहे तो. बस तशीच चालत राहिली. कंडक्टरनं डोक्यावरची टोपी सरळ केली आणि तो पुढं निघून गेला. केवळाबाईनं एक शेंग फोडली, दाणा तोंडात न घालता हातात धरून ठेवला.

मी आईला फोन लावला. "आई, खीर घे बोटावर. त्याच्या हिरड्यांना लाव. पानातली खीर."

"कावळा शिवला न्हाई अजून."

"कावळा राहू दे."

"राहू दे?" तिचा आवाज एकदम खाली आला. बाबा आजारी असताना यायचा तसा. "वर्षातून एक दिवस त्या माणसाला जेवायला बोलावलंय मी. दारात येऊन उभा हाय त्यो. त्याच्या आधी मांजराला वाढू?"

मी चुकीची उत्तरं तयार करणारा माणूस, आणि एकही सुचेना. मरू दे त्याला, असं कोणीच म्हणत नव्हतं, आईही नाही. तिनं काठी कधीच टाकून दिलेली असणार, तिची बोटं साहेबाच्या पाठीवर असणार, मला माहीत होतं. ती फक्त पाहुण्याची वाट बघत होती. मला म्हणायचं होतं, तो पेढा कोंबणारा कोण होता, त्यानं विचारलं का, तुम्ही कोणाच्या आधी, कोणाच्या नंतर. पण मी एवढंच म्हणालो, "आई, भाजीबाजार आठव."

आणि माळाकोळीच्या अलीकडं रेंज गेली.

मी फोन खिडकीबाहेर धरला, छताला लावला, उभा राहिलो. एकही काडी नाही. बस खड्ड्यातून गेली आणि माझं डोकं वरच्या दांडीला आपटलं. मला वाटलं, बरं झालं. डोक्यात सगळं मांडलं जात होतं, सवयीनं. साहेब मेला तर आई, अ, पुन्हा ओट्याशी उभी राहील, ब, कावळ्याला दोष देईल, क, मला. ड सुचत नव्हता. मी घरी पोचेन तेव्हा गच्चीवर पान वाळलेलं असेल, भाताची शितं कडक, मुंग्या लागलेल्या, शेजारी पिवळं काहीतरी आडवं, आणि आई तिथंच बसलेली, कारण अजून शिवला नाही. मेडिकलवाला विचारेल, शेषेरावांचं औषध संपलं का. सात घरं सात दारांतून बाहेर येतील आणि कोणी काही म्हणणार नाही, आणि रत्नम्माबाई ती पितळेची वाटी फळीवरून काढतील. केवळाबाई मला खाली ओढून म्हणाली, बस, चक्कर यील. मी बसलो. तिनं हातातला दाणा माझ्या हातावर ठेवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, बोक्याला साहेब का म्हनता. मी म्हणालो, वडिलांनी ठेवलं. मग वडील कुठं हायेत? मी म्हणालो, गच्चीवर. आज त्यांचंच पान आहे.

लोह्याचे पहिले ढाबे दिसायला लागले तसा फोन हातात थरथरला. मी लावला. आईनं उचलला. तिनं तो कट्ट्यावर ठेवला असावा. वारा. भांड्याचा आवाज. वाटी फरशीवर सरकल्याचा. खांबावरचा कावळा एकदा ओरडला, लांबून. मग आईचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"अहो," ती म्हणाली. "तोंड उघडा."

साहेबाला ती कायम मुडद्या म्हणते. पुढच्या बाकावरचा माणूस मान न वळवता कान मागं लावून बसला होता.

"उघडा म्हणते ना. घ्या. चाखा जरा." चमचा वाटीला लागला. "न्हाई म्हणणार न्हाई आज. घ्या."

मग काहीच नाही. फक्त वारा. बस स्टँडात शिरली, लोक उठले, पिशव्या खाली आल्या, पण केवळाबाई उठली नाही. तिचं गाव आलं होतं. ती माझ्या फोनकडं बघत बसली होती.

"हळू," आई म्हणाली. "हळू हळू. ठसका लागंल."

मी डोळे मिटले. केवळाबाईनं पदर खोचला, पिशवी उचलली आणि विचारलं, "जेवले का साहेब?"

"जेवून राहिलेत," मी म्हणालो.

ती उतरून गेली. आईनं फोन कानाला लावला तेव्हा ती धापा टाकत होती. साहेबानं डोळे उघडलेत, मान धरतोय, वाटी चाटून राहिला. रत्नम्माबाईंना हाक मारलीय, त्या रिक्षा बघायला गेल्यात, चप्पल न घालता. मी विचारलं, कावळा? बसलाय तसाच, ती म्हणाली, बघून राहिला. मग तिचा आवाज थोडा चाचरला. पान उष्टं झालं, आलोक. दुसरं मांडायचं तर खीर उरली न्हाई. सगळी खाल्ली. मी म्हणालो, असू दे. ती म्हणाली, "इतकी वर्षं मागत होते." आणि फोन ठेवला.

बस पुन्हा निघाली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती आणि तिच्यावर शेंगांची टरफलं पडली होती. मी देविका डॉक्टरांना फोन लावला. त्यांचा हात आता मोकळा होता. शुद्धीवर आला का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आला, रिक्षात निघालाय. ठीक, त्या म्हणाल्या, मला दवाखान्यातल्या माणसाला सांगावं लागेल, पेशंटनं नक्की काय खाल्लंय?

"श्राद्ध," मी म्हणालो.

पलीकडं गाय हंबरली.

"सगळं?" त्यांनी विचारलं.